सोयाबीन येईपर्यंत ढाळज द्याल का?

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नाटकावर पोट भरतं का?" रेंज गेली आणि बोलणं अर्धं राहिलं. म्हणून कागदावर सगळा हिशेब मांडते.

नुसत्या प्रयोगांवर भरत नाही. भरतं ते आजूबाजूच्या कामांवर. विद्यापीठाचा युवक महोत्सव आला की कॉलेजं एकांकिका, मूकनाट्य, प्रहसन बसवायला बोलावतात, मानधन देतात. उन्हाळ्यात मुलांची शिबिरं असतात. अधूनमधून कुणाच्या नाटकाची प्रकाशयोजना, कधी पथनाट्य. दर महिन्याला सारखे पैसे येत नाहीत, त्यामुळे आले की जपून पुरवते. खोलीचं भाडं थकलेलं नाही, कुणाची उसनवारी नाही. आई, डबा लावलाय, दोन्ही वेळा जेवते.

मुंबईला मात्र मला जायचं नाही. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी संभाजीनगरातून तिकडं गेले, केवढं काम उभं केलं! त्या वाटेचा मला आदरच आहे. पण २०१२ साली जालन्याच्या राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालन्याकडच्याच कलावंतांनी राज्यभर गाजवलं. मला तसं इथं राहून, इथल्या माणसांना घेऊन करायचंय.

दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचा विचार आहे. नाटक ऊसतोडीवर आहे, पण फडातलं नाही. मुकादमाची उचल घेऊन जोडपी कारखान्याकडं निघून गेली की मागं तांड्यावर म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात, त्यांचं. आजीचं काम करणारी बाई स्वतः कोयता घेऊन गेलेली आहे. परवा पोरं मोळी उगं वरवर उचलत होती. ती उठली, एक गुडघा टेकवला, चुंबळ डोक्यावर नीट बसवली, मोळी मांडीवर घेतली आणि एका दमात उभी राहिली. "कंबर वाचवावी लागती, उद्या पुन्हा जायचं असतंय," म्हणाली. हे मला कुठल्या वर्गात शिकायला मिळालं असतं?

अडचण जागेची आहे. परभणीत हॉलचं भाडं परवडत नाही आणि निम्मी टीम आपल्याच गावाच्या आजूबाजूची आहे. सोयाबीन घरात येईपर्यंत आपली दारालगतची ढाळज रिकामी असते. ती रात्री जेवणं झाल्यावर दोन-अडीच तास द्याल का? खडूनं रंगमंच आखू, रोज झाडून पुसून ठेवू. सोयाबीनची पहिली पोती आली की त्याच दिवशी जागा मोकळी करू.

एक गोष्ट आधीच सांगते. टीममध्ये तांड्यावरची मुलं आहेत, वस्तीतली आहेत. ती ढाळजेत बसतील, आपल्याच तांब्यानं पाणी पितील. भावकी बोलेल आणि ते तुम्हाला ऐकावं लागेल, मला नाही. म्हणून आई, तूही विचार कर. बाबांच्या एकट्याच्या होकारावर मी कुणाला घरी आणणार नाही.

आषाढी झाली की गावी येते. त्याआधी दादाकडं निरोप द्या. जमणार नसेल तर तेही मोकळेपणानं कळवा, म्हणजे शाळेच्या खोलीसाठी मला वेळेत विचारता येईल.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनू