फॅक्टर शस्त्रक्रियेनंतरचाही राखून ठेवा

महोदय,

माझ्या बारा वर्षांच्या मुलाला तीव्र स्वरूपाचा हिमोफिलिया 'ए' आहे, म्हणजे रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' हा घटक त्याच्या रक्तात जवळजवळ नाहीच; तो बाहेरून इंजेक्शनने द्यावा लागतो. पावसाळ्यात अंगणात घसरला, मांडीचे हाड मोडले, प्लेट बसवावी लागली. डॉक्टरांनी आधी इनहिबिटरची, म्हणजे फॅक्टर निकामी करणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणी केली. ती प्रतिपिंडे असली तर दिलेला फॅक्टर वायाच जातो. चिरा देण्यापूर्वी फॅक्टर आठची पातळी शंभर टक्क्यांच्या जवळ नेली. रक्तस्राव बेताचा झाला. इथपर्यंतच्या कामाला मी हातच जोडते.

तक्रार पुढची आहे. वजनाच्या दर किलोमागे फॅक्टर आठचे एक युनिट दिले की पातळी साधारण 2 टक्के वाढते. मुलगा 30 किलोचा, म्हणजे शंभर टक्के गाठायला पहिला डोसच 1500 युनिट. पण 8 ते 12 तासांत त्यातला निम्मा संपतो, लहान मुलांत बहुधा त्याआधीच. जखम भरेपर्यंत, म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियेत दहा ते चौदा दिवस, डोस देत राहावे लागतात. नेमका पहिल्या आठवड्यातच, शनिवारी संध्याकाळी, रुग्णालयातला साठा संपला. "सोमवारी स्टोअर उघडेल," एवढेच उत्तर मिळाले. तोवर ड्रेसिंग भिजू लागले होते, मांडी तटतटून फुगली होती. यजमान शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बर्फाच्या डब्यातून बाटल्या घेऊन आले. रात्रपाळीच्या सिस्टरने पावडरमध्ये पाणी सोडले आणि बाटली न हलवता, फेस होऊ न देता, तळहातांत हळूहळू फिरवली. मला ती दोन मिनिटे संपता संपेनात. मुलगा वाचला, पण सगळ्यांच्याच घरी असे धावणारे माणूस नसते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, सरकारी केंद्रांत फॅक्टर मोफत मिळतो, हे खरेच मोठे काम आहे. म्हणूनच आरोग्य विभागाला विनंती, की अशा मुलाला शस्त्रक्रियेची तारीख देण्याआधी पूर्ण चौदा दिवसांचा फॅक्टर त्याच्या नावाने बाजूला काढावा. टाके काढण्याच्या आणि फिजिओथेरपीच्या दिवसांचा डोसही त्यात धरावा. आणि सुटीच्या दिवशी स्टोअरची चावी कोणाकडे असते, ते नाव व फोन नंबर वॉर्डात ठळक लिहून लावावा.

— एक आई, सांगली जिल्हा