‘प्रत्याघात’ केव्हा लिहावा

कुंडल, जि. सांगली

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

नेत्याने आरोप फेटाळल्याच्या बातमीत ‘प्रतिघात’ लिहावे की ‘प्रत्याघात’, असे तू परवा विचारलेस. फोनवर उरकण्याजोगे ते नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे. दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ‘प्रति’ला ‘आघात’ जोडला की यण् संधीने (‘इ’ आणि ‘आ’ मिळून ‘या’) ‘प्रत्याघात’ होतो. ‘प्रतिघात’मध्ये नुसता ‘घात’ आहे, आणि मराठी कानाला त्यात विश्वासघात ऐकू येतो (आपल्या शिवारात तर घात येते ती पेरणीची, म्हणजे पेरणीजोगी ओल). म्हणून बसलेल्या तडाख्याला उलट तडाखा दिला, एवढेच सांगायचे असेल तर मी ‘प्रत्याघात’च लिहीन.

तुझे वाक्य मला खटकले ते मात्र निराळ्या कारणाने. नेत्याने आरोप फेटाळले, स्वतः कोणताही आरोप केला नाही. मग प्रत्याघात कसला? लहानपणी तुला खांद्यावर घेऊन इथल्या कुस्तीच्या मैदानाला नेत असे, ते आठव. एकाने पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, हात घातला की दुसरा झटक्यात पाय मागे घेऊन त्याच्या पाठीवर छातीचा भार टाकी, आणि कडेला बसलेले जाणते म्हणत, “तोड केली!” तोडीने डाव फुकट जातो, समोरचा चीत होत नाही. आरोप फेटाळणे ही तशी तोड आहे. त्याला ‘खंडन’ म्हणावे. तिथल्या तिथे उलट आरोप केला तर तो प्रत्याघात, आणि राग मनात धरून वर्षभराने हिशेब चुकता केला तर त्याला आपण ‘उट्टे काढणे’ म्हणतो.

शब्दात ‘प्रति’ दिसला की त्यात टोला असतोच, असेही समजू नकोस. 1943 साली याच मुलखात उभे राहिलेले प्रतिसरकार, लोकांच्या तोंडचे पत्री सरकार, इंग्रजी सत्तेशी झुंजले हे खरे. पण गावोगावी न्यायदान करणाऱ्या त्या सरकारच्या नावातला ‘प्रति’ ‘त्याच्या जागी दुसरे’ एवढेच सांगतो.

मथळ्यात जागा कमी असते, हे मला कळते. तरी हिंदी बातम्यांतला ‘पलटवार’ उचलण्यापेक्षा तेवढ्याच जागेत ‘प्रतिटोला’ बसतो का, ते पाहा, आणि पुढची बातमी छापून आली की कात्रण पाठव.

तुझे,
अण्णा