बाबा, तुम्हाला फिल्ममधून काढलंय

ती. आई-बाबांना सा. न.

खरं तर हे फोनवर सांगायला हवं होतं. तीनदा लावलाही. तिन्ही वेळा बाबांनी उचलला आणि मी "सहजच केला" म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. आई, तू आधी वाच आणि मग बाबांना दे. नको, एकत्रच वाचा. चष्मा बाबांच्या डोक्यावरच असेल.

तर बाबा, फिल्ममध्ये तुमची मुलाखत नाही. काढली. चार मिनिटं होती, त्यातलं एक वाक्यही ठेवलेलं नाही. फिल्म जमा करून झाली, आता बदलता येणार नाही. तुम्ही काकाला, मावशीला आणि ऑफिसातल्या जुन्या मंडळींना सांगून ठेवलंयत हे मला माहीत आहे. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधीच खुर्चीत येऊन बसला होतात. शर्टावरच्या बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात म्हणून मी तो बदलायला लावला, आणि तुम्ही काही न बोलता जाऊन बदलून आलात. तेही आठवतंय.

कारणं सांगते. बारा मिनिटांची मर्यादा होती आणि माझ्याकडे अकरा तासांचं चित्रण. विषय वरवर सोपा वाटतो, गाजणारी गाणी कशी बदलत गेली एवढाच, पण धागा ओढला की सगळं विणकाम हातात येतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटं मावायची, म्हणून गाणं ३ मिनिटांचं झालं. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा झाली, तरी गाण्याची ती सवय काही सुटली नाही. आणि आता स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद ऐकलं गेलं तरच 'एकदा वाजलं' असं मोजतात, मग सुरुवातीची वाद्यं कापून गायक पहिल्या पाच सेकंदांत तोंड उघडतो. गाणं केवढं असावं हे गाणारा कमीच ठरवतो, ज्यात भरून ते विकायचं ते भांडं जास्त ठरवतं. फिल्मला एवढंच म्हणायचं होतं, आणि एवढ्यालाच नऊ मिनिटं गेली. उरलेल्या तीनमध्ये कोणाकोणाला बसवणार?

ही कारणं खरी आहेत. पण तुम्हाला काढलं ते यांच्यामुळे नाही.

पहिला कच्चा कट वर्गात दाखवला तेव्हा तुमचा प्रसंग त्यात होता. तुम्ही हेडफोनवर नवं गाणं ऐकता, ते काढता, मी विचारते, "कसं वाटलं?" तुम्ही म्हणता, "काय?" मी पुन्हा विचारते. तुम्ही म्हणता, "आवाज बरा आहे, पण शब्द खाते. कुठल्या भाषेत गाते ही?" आणि गाणं मराठी. नेमका तिथे मी कट मारून त्याच गाण्याचा दणदणीत ठेका लावला होता. दोन रात्री घालवल्या त्या एका कटवर, हशा बरोबर जागेवर यावा म्हणून. आला. वर्ग खदाखदा हसला आणि मीही हसले.

आमचे ध्वनीचे सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, तोच प्रसंग पुन्हा लाव, आवाज बंद करून.

लावला. नुसतं चित्र. बाबा, आवाज नसला की दिसतं. मी बोलायला लागले की दर वेळी तुमची मान जराशी उजवीकडे वळते, डावा कान पुढे येतो आणि तुमचे डोळे माझ्या डोळ्यांवर नसतात, ओठांवर असतात. चार मिनिटांत चौदा वेळा. मी मोजलं. सरांनी एवढंच विचारलं, "वय काय बाबांचं?"

त्या रात्री सगळं चित्रण पुन्हा पाहिलं. गेल्या दोन वर्षांतलं बाकीचंही आठवत गेलं, टीव्हीचा आवाज, दारावरची बेल, आईचं "ऐकतच नाहीत हे". ऐकत नाहीत असं नाही गं आई, त्यांना ऐकू येत नाही. वय वाढतं तसे कानातून आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, आणि स, श, फ, च यांची धार नेमकी त्याच पट्टीत असते. आ, ओ, ऊ खालच्या पट्टीत, ते शाबूत राहतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे छान कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. समोरचा माणूस शब्द खातोय असंच वाटतं.

आणि बाबा, निम्मी चूक गाण्याचीही आहे, हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणात गळा पुढे आणि वाद्यं मागे असायची. आता सगळंच दाबून एका पातळीला आणतात, हळू आणि मोठा हा फरकच पुसतात, त्या दाटीतून गळा शोधायला चांगल्या कानालाही कष्ट पडतात. तुम्ही त्या दिवशी आणखी एक म्हणाला होतात, "हे माणूस गातंय की यंत्र?" त्यावर मी डोळे फिरवले होते. बरोबर होतात तुम्ही. सूर आपोआप जागेवर आणणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलकंपन्यांसाठी काम करायचे, जमिनीत सोडलेल्या लहरींवरून पोटातलं तेल शोधायचं. तेच गणित गळ्याला लावलं. हे फिल्ममध्ये आहे, पण ते तुम्ही आधी ओळखलंत हे फिल्ममध्ये नाही. त्याची रुखरुख आहे.

तो "काय?" तेवढा कापून बाकीचं ठेवता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. करून पाहिलं. पण एकदा दिसल्यावर मला त्या चार मिनिटांत दुसरं काही दिसेना. तुमच्या कानांची बातमी तुमच्याआधी परक्या प्रेक्षकांना कळावी, हे मला नको होतं. म्हणून पूर्ण काढलं. रागावलात तरी चालेल.

तुमचा राग तसाही कधी टिकलेला मला आठवत नाही. कॅसेटवाली गोष्ट आठवते ना? तुम्ही साठ मिनिटांचीच कॅसेट आणायचात, नव्वदची टेप पातळ, गुंतते म्हणून. रेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचात आणि मी तो बोळा हातात धरून नर्ससारखी उभी राहायचे. त्यातल्या तुमच्या सगळ्यात लाडक्या कॅसेटवर मी माझी बडबडगीतं रेकॉर्ड केली. मागचं भोक चिकटपट्टीने बुजवलं की भरलेल्या कॅसेटवरही रेकॉर्ड होतं, ही अक्कलही तुम्हीच दिलेली. संध्याकाळी तुम्ही ती लावलीत आणि तुमच्या गाण्याच्या मधोमध माझा बेसूर. मी पलंगाखाली. तुम्ही पूर्ण बाजू ऐकलीत, मग चिकटपट्टी काढलीत, आणि पुन्हा कोणी पुसू नये म्हणून कॅसेटवर माझं नाव घालून वरच्या कप्प्यात ठेवलीत. गेलेल्या गाण्यांबद्दल एक शब्द नाही. आणि मी काय केलं, तर तुमच्या "काय?"वर हशा पिकवला.

असो. आता ऐका, म्हणजे वाचा. कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे, या गुरुवारी सकाळी साडेदहाची. घेतलेली आहे, विचारत नाहीये. आधी ते कानात नुसतं बघतील. कधी कधी फक्त मळ साठलेला असतो. तसं निघालं तर या लांबलचक पत्राबद्दल मी कान पकडून माफी मागेन. तोवर कानात काडी, पिन, किल्ली काहीही घालायचं नाही. (किल्ली मी स्वतः पाहिली आहे.) मग एका बंद, शांत खोलीत हेडफोन लावतील, बारीक 'टूं' ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, टोचत नाही, अर्ध्या तासात होतं. एक आलेख देतील, उजवा कान गोलांनी, डावा फुल्यांनी. त्याचा फोटो काढून मला पाठवा. अंदाजाने बटण दाबू नका, मला माहीत आहे तुम्हाला शंभरपैकी शंभर हवे असतात.

यंत्र लावायला सांगितलं तर लावायचं. साठीपुढच्या चारातल्या एकाहून जास्त जणांना हा त्रास चांगलाच जाणवण्याइतका असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेव्हा तुम्ही काही एकटे नाही. सुरुवातीचे काही आठवडे कागदाची चुरचुरसुद्धा अंगावर येते म्हणतात. तरी डबीत ठेवून द्यायचं नाही.

माझी काळजी करू नका. झोप होते आहे, खोलीत सकाळचं ऊन येतं, जेवण वेळेवर असतं. एडिटिंगला बसले की हेडफोनचा आवाज कमी ठेवते आणि तासाला एकदा काढते. नोकरी सोडली तेव्हा तुम्ही दोघांनी जे विचारलं नाहीत, तेही आता विचारू नका, बरं चाललंय.

एक राहिलं. शूटिंग संपल्यावर प्रत्येक जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करतात, साधारण अर्धा मिनिट. तिला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमध्ये कापलेल्या जागी ती अंथरायची, नाहीतर तिथे आवाज एकदम मरतो आणि कानाला खड्डा लागतो. तुम्हाला म्हटलं होतं ना, आता हलू नका, बोलू नका? तीस सेकंदांनी मी हळूच "झालं" म्हटलं. तुम्ही हललाच नाहीत. मला वाटलं, किती मनापासून बसलेत, आणि मीही रेकॉर्डर चालूच ठेवला. एक मिनिट बारा सेकंदांची शांतता मिळाली, पंखा, घड्याळ, आत आईची एक बांगडी आणि तुमचा श्वास. इतकी लांब आणि स्वच्छ शांतता बाकी कुठेच मिळाली नव्हती. म्हणून फिल्मभर, सगळ्यांच्या वाक्यांच्या मध्ये, तीच आहे.

तेव्हा काकाला सांगितलंयत ते खोटं नाही. फक्त कुठे आहात ते त्याला हेडफोन लावून शोधावं लागेल.

तुमची,
मनी

ता. क. आई, स्वयंपाकघरातून हाक मारून बोलू नकोस. समोर ये, टीव्ही बंद कर, मग बोल. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. आणि गुरुवारी तूही जा. तुझीही वेळ घेतली आहे, अकराची.