पेढीचा इतिहास वहीतून काढ

धुळे,
आखाजीच्या तोंडावर

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. जळगावच्या तुमच्या पेढीचा इतिहास लिहायला घेतलास, बरं केलंस. फक्त आजोबांच्या तसबिरीपासून सुरुवात करू नकोस, ते सगळेच सराफ करतात. जुन्या हिशेबाच्या चोपड्या आणि घरात उरलेले दागिने समोरासमोर ठेव.

चोपड्या विक्रम संवताच्या, वर्ष दिवाळीच्या पाडव्याला पालटतं. पाडव्यापासून डिसेंबरअखेर संवतातून 57 वजा कर, जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत 56. इथे चुकलास तर आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सगळी विक्री वर्षभर मागे सरकेल. वजनातही हीच फसगत. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, 12 मासे म्हणजे 96 गुंजांचा. आज 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पाच तोळ्यांची पोत 50 ग्रॅमची धरलीस, तर 8.32 ग्रॅम सोनं कागदावरच गडप!

संवत 2019 च्या पौषापासूनची पानं सावकाश वाच. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. म्हणजे शंभरात 58.3 भाग सोनं, 22 कॅरटला 91.6. शुद्ध सोन्यावर नाव कमावलेल्या जळगावात हे गिऱ्हाइकाला सांगायचं कसं? मजुरीच्या नोंदी तेव्हा किती आटल्या ते मोज. सोनाराची चूल त्यातून दिसेल. 14 कॅरटची अट 1966 मध्ये उठली, पण 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 पर्यंत राहिला. त्या काळची परवान्याची रजिस्टरं माळ्यावर सापडली तर घबाडच समज.

जुना दागिना कसोटीवर हलका उतरला म्हणून पणजोबांवर संशय नको. सांध्याजवळ घासलास तर डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचा, कस येतो, सोन्याचा नाही. डाख लवकर वितळावा म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त. सांधा सोडून, कानशीने बारीक खाच पाडून आतलं सोनं घास, कारण तेजाबात उजळलेल्या दागिन्याचा वरचा थर खऱ्यापेक्षा चोख दिसतो. बोरमाळेचे मणी पोकळ, आत लाख. काट्यावरचं वजन सोन्याचं म्हणून लिहू नकोस.

हॉलमार्क 2000 पासूनचा, त्याआधीच्या दागिन्यावर तो नसणारच. तिथे पेढीचा शिक्का शोध, आणि फोटो काढून होईपर्यंत पॉलिश करू देऊ नकोस. झिजलेला शिक्का एका पॉलिशमध्ये जातो.

तुझा,
वसंत