‘आलो’ की ‘आले’: एका तक्त्यासाठी आभार

प्रिय दोस्त,

व्याकरण, कथालेखन आणि ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) या तिन्हींचं वेड आपल्या गटात सगळ्यांनाच आहे. पण ही तिन्ही वेडं वहीच्या एका पानावर आणायचं काम तू केलंस. त्या पानावरच्या तक्त्यासाठी हे पत्र, आणि ते उघडं अशासाठी की कथा लिहिणाऱ्या कुणालाही तो तक्ता उद्या लागेल.

अडचण सगळ्यांच्या ओळखीची आहे. ॲनिमेत मुखवट्याआडचं, वेश बदललेलं, मुलगा की मुलगी हे मुद्दाम न सांगितलेलं पात्र वारंवार भेटतं. तसं पात्र मराठी कथेत आणायला गेलं की दुसऱ्याच ओळीला त्याचं गुपित फुटतं. जपानीत क्रियापदाला लिंग नाही आणि कर्ता बहुधा गाळतात. ‘किता’ म्हणजे आलो, आले, आला, आली, सगळंच. तिथे जपावं लागतं ते ‘मी’साठीचं सर्वनाम: ‘ओरे’ किंवा ‘बोकु’ म्हटलं की कानाला सहसा मुलगा ऐकू येतो, ‘आताशी’ म्हटलं की मुलगी. मराठीत नेमकं उलट आहे. ‘मी’ सगळ्यांचा एकच, पण चुगली करतं ते क्रियापद.

तू केलेल्या तक्त्यात दोनच रकाने होते, झाकणारी रूपं आणि उघडी पाडणारी रूपं. झाकणाऱ्यांत पहिला मान भविष्यकाळाचा: ‘मी जाईन’, ‘मी येणार’. मग वर्तमानकाळाचा नकार: ‘मी येत नाही’. मग सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ, कारण कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही. ‘मी दार उघडलं’ हे दाराच्या लिंगाने चालतं, ‘मी चिठ्ठी फाडली’ हे चिठ्ठीच्या. इथे कर्म गाळायचं नाही हा तुझा इशारा मोलाचा होता. ‘मी फाडली’ एवढंच ठेवलं की ‘ली’ ऐकून वाचक क्षणभर अडखळतो. कर्माला ‘ला’ लागला की भावे प्रयोग, तोही सुरक्षित: ‘मी त्या मुलाला ओळखलं’.

खरा खड्डा अपवादांचा. विसरणं, शिकणं, पिणं, बोलणं ही क्रियापदं कर्म घेतात, तरी भूतकाळात कर्त्यालाच धरून राहतात. ‘मी नाव विसरलो’, ‘मी पाणी प्यायले’. आपण सकर्मक क्रियापद वापरतोय या भरवशावर लिहिणारा नेमका इथे सापडतो. तू प्रत्येकासमोर पर्याय लिहून ठेवलास: ‘विसरलो’च्या जागी ‘मला नाव आठवत नाही’, ‘शिकले’च्या जागी ‘मला आता जमतं’, ‘बोललो’च्या जागी ‘मी सांगितलं’. ‘म्हणणं’ तर दोन्ही रकान्यांत बसलं: ‘मी म्हणाले’ उघडं पाडतं, ‘मी म्हटलं’ झाकतं. एकाच धातूची ही दोन रूपं कथेच्या इतकी कामाची असतील, हे त्या रकान्यांमुळेच दिसलं.

लिहिलेलं आणि बोललेलं यांतला फरकही तू सोडला नाहीस. ‘मी येत आहे’ कागदावर झाकतं, पण तसं सहसा कुणी बोलत नाही. बोलताना ‘येतोय’ किंवा ‘येतेय’ होतंच. म्हणून संवादात ते रूप खोटं वाटतं, आणि ‘येणार’, ‘निघू का?’, ‘थांब, दोन मिनिटांत पोचेन’ ही खरी वाटतात. काही बोलींत बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा पात्राची बोली आधी ठरवावी ही पानाच्या समासातली टीपसुद्धा तशीच नेमकी.

दुसरी पात्रं त्या पात्राबद्दल बोलतात तेव्हा ‘तो’, ‘ती’ चालत नाही, आणि आदरार्थी ‘ते आले’, ‘त्या आल्या’ यांतही भेद राहतो. पण प्रत्यय लागला की तो पुसला जातो: ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’. आदर दाखवणारं हे रूप रहस्यकथेचं इतकं चांगलं हत्यार आहे हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ‘ती व्यक्ती’ हा सर्वांत सोपा मार्ग तू एका पानात एकदाच वापरू दिलास, आणि ते बरोबर होतं. त्यापुढे कथा पंचनाम्यासारखी वाचली जाते. हाक मारतानाही जपायचं: ‘अरे’, ‘अगं’ नको, नाव घ्यायचं. ‘तू कुठे गेला होतास’ नको, ‘तू काय केलंस’ चालेल.

सगळ्यांत मोठी चूक व्याकरणाची नव्हेच, हे तुझं म्हणणं आम्हाला सर्वांत जास्त उपयोगी पडलं. लपवण्याच्या नादात प्रत्येक वाक्य ‘मला’ने सुरू होतं: मला वाटलं, मला दिसलं, मला भीती वाटली. मग पात्र काही करतच नाही, सगळं त्याच्यावर येऊन आदळतं. मुखवटा घालून तलवार उपसणारं पात्र असं मिळमिळीत कसं चालेल? म्हणून पाच वाक्यांत ‘मला’ दोनदाच, तेही भावनेसाठी. कृतीला सकर्मक भूतकाळ, निश्चयाला भविष्यकाळ.

सरावाची रीतही तुझीच. दीड मिनिटाचा प्रसंग घ्यायचा, सबटायटल बंद करायचे, संवाद मराठीत लिहायचे आणि चित्रावर मोठ्याने वाचायचे. ॲनिमेत बोलणाऱ्या तोंडाला बहुधा तीनच चित्रं असतात, मिटलेलं, अर्धं आणि उघडं, त्यामुळे ओठांच्या आकाराची चिंता नाही. वाक्य तोंड मिटण्याआधी संपलं की झालं. लांबलं तर कर्ता गाळायचा, क्रियापदाला हात लावायचा नाही.

आणि गुपित फोडण्याची जागा. ‘कि, शो, तेन, केत्सु’ या जपानी कथांतल्या चार भागांच्या रचनेत कथा वळते ती ‘तेन’मध्ये, तिसऱ्या भागात. तोवर झाकलेलं पात्र तिथे पहिल्यांदा ‘मी आले’ म्हणतं. वाक्य एकटं, वेगळ्या ओळीवर; निवेदकाने पुढे काही समजवायचं नाही, कुणी दचकलं असं लिहायचं नाही. एका मात्रेवर अख्खा प्रसंग फिरतो, आणि तो फिरावा म्हणून आधीची सगळी पानं त्या मात्रेपासून लांब ठेवायची असतात. हे तू इतक्या धीराने, एकेक क्रियापद घेऊन दाखवलंस, त्याबद्दल मनापासून आभार.

हे पत्रही त्याच तक्त्यावर घासून लिहिलंय. तुझ्याबद्दल कुठे एखादा ‘ला’ किंवा ‘ली’ निसटून तू कोण हे फुटलं असेल, तर नेहमीसारखी लाल खूण करून परत पाठव.

तुझा गट