लेकीला कॉलेज बघायला पाठवणाऱ्या आमच्या कृषी सहायक मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली तेव्हा आमच्याकडे लावणी ऐन भरात होती, त्यामुळे तुम्हाला नीट निरोपही देता आला नाही. लेकीला दापोलीला वनशास्त्राला प्रवेश मिळाला हे फोनवर कळवलं होतं. पण तुमचे आभार फोनवर मानून भागणार नाहीत. आमच्या वाडीतली आणखीही मुलं यंदा बारावीला आहेत. त्यांच्या आईवडिलांच्याही वाचनात यावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

शेतीचंच काहीतरी शिकायचं, हे लेकीचं आधीपासून ठरलेलं होतं. ती नववीत असताना गावात कृषिकन्या, म्हणजे कृषी कॉलेजच्या मुली, राहायला आल्या होत्या. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, कलमं, जिथे त्या जातील तिथे ही त्यांच्या मागे. प्रश्न होता तो कॉलेजचा. जाणती माणसं सांगायची, खासगी कॉलेज घ्या नाहीतर विद्यापीठाचं घ्या, पदवीवर नाव कोकण कृषी विद्यापीठाचंच येणार, अभ्यासक्रमही तोच. मग घराजवळचं बघा आणि मोकळे व्हा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुम्ही काजूवरची ढेकण्या कीड बघायला आला होतात, तेव्हा हा विषय निघाला. तुम्ही म्हणालात, "पदवी सारखीच असेल वहिनी, पण ती चार वर्षं सारखी नसतात. आधी बघून या."

एवढं बोलून तुम्ही थांबला नाहीत. हॉर्टसॅपच्या, म्हणजे फळबागांवरच्या कीड-रोगांच्या सर्वेक्षणाच्या, एका फॉर्मच्या पाठीमागे काय काय बघायचं ते लिहून दिलंत. तो कागद मी जपून ठेवला आहे. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. इमारत शेवटी बघा, आधी शेत बघा. मुलांना स्वतःच्या हाताने पीक घ्यायला जमीन मिळते का, की मजूर काम करतात आणि मुलं वहीत लिहून घेतात, हे विचारा. जेवायच्या वेळी मेसमध्ये जा. तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोला, कारण पहिल्या वर्षाच्या बुजतात आणि शेवटच्या वर्षाच्या निघायच्या घाईत असतात. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून लिहिलेलं: प्रश्न मुलीने विचारायचे, आईने लांब बसायचं.

ही शेवटची गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे मुलांना घेऊन कॉलेज बघायला गेलं की खुर्चीवर पालक बसतात, बोलतात पालक, फी विचारतात पालक, आणि ज्याला चार वर्षं तिथे काढायची आहेत तो मागे उभा असतो.

गणपती उरकल्यावर आम्ही निघालो. पहिलं बघितलं ते घराजवळचं खासगी कॉलेज. इमारत चकचकीत, स्वागत चांगलं. लेकीने शेत बघायचं म्हटल्यावर "पावसात काय दिसणार" असं उत्तर मिळालं. तिने पुन्हा विचारलं, तर सीट कशी पकडून ठेवता येईल हे तिथले लोक मला समजावू लागले. खासगी म्हणजे वाईट असं समजू नका, काही कॉलेजांची शेतं विद्यापीठाच्या तोडीची आहेत, हे तुम्ही आधीच बजावलं होतंत. पण तिथे शेत दिसलंच नाही, आणि लेक बाहेर येताच म्हणाली, "आई, इथे नको."

पुण्याला ती तिच्या बाबांबरोबर गेली. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय शंभर वर्षांहून जुनं आहे, भर शहरात एवढी शेतजमीन राखलेली बघून दोघंही हरखून आले. पण आजूबाजूची क्लासेसची गर्दी बघून ती म्हणाली, तिथे मी स्पर्धा परीक्षेच्याच मागे लागेन. हे तिचं तिने ओळखलं याचा मला आनंद झाला. रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालयही कोकण कृषी विद्यापीठाचंच, पण तिचा ओढा पाण्याकडे नव्हता. ते नुसतं लांबून बघून आलो.

मग दापोली. चिपळूण, खेड करत एसटीने पोचेपर्यंत दुपार झाली होती. कोकण कृषी विद्यापीठ इथलंच, १९७२ सालचं. आमच्या परसातला वेंगुर्ला-७ काजू याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून आलेला, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. कृषी महाविद्यालयाचं शेत बघितलं, मुलींनी घोट्याएवढ्या चिखलात उभं राहून भात दाखवला. त्याच आवारात उद्यानविद्या आणि वनशास्त्राचीही स्वतंत्र महाविद्यालयं आहेत. तुम्ही कागदावर "तिन्ही बघा" असं लिहिलं नसतं, तर आम्ही कृषी बघूनच परतीची गाडी धरली असती.

वनशास्त्राच्या रोपवाटिकेत तिसऱ्या वर्षाच्या मुली पिशव्यांमधलं तण काढत होत्या. एकीने लेकीपुढे एक रोप धरलं आणि विचारलं, हे काय? लेक म्हणाली, ऐन. आमच्या घरामागचा सगळा डोंगर ऐन-किंजळीचा, तिला ते येणारच. त्या मुलीने विचारलं, कशावरून? लेकीला सांगता येईना. तेव्हा तिने पान उलटं केलं आणि देठाजवळ, मधल्या शिरेच्या बाजूला असलेल्या दोन बारक्या गाठी दाखवल्या. बोटाने चाचपल्या की लागतात. लेकीने ते पान हातात घेतलं, मग शेजारच्या रोपाचं उलटलं, मग त्याच्या पुढचं. मी ठरल्याप्रमाणे लांब पायरीवर बसले होते. तासाभराने ती आली तेव्हा तिच्या नखांत माती होती आणि बोलणं थांबत नव्हतं. वसतिगृहात कपडे वाळत नाहीत, वीज जाते, भाजीत तिखट फार, हेही तिनेच विचारून आणलं होतं. ते सगळं ऐकून घेऊन तिने दापोली ठरवली.

तिच्या बाबांना काळजी होती, वनशास्त्र घेऊन पुढे काय? तुम्ही मुंबईला फोन लावून त्यांच्याशी बोललात. लोकसेवा आयोगाची वनसेवेची परीक्षा देऊन वनक्षेत्रपाल होता येतं, दिल्लीची भारतीय वनसेवा आहे, पण या दोन्ही परीक्षांना इतर शाखांची मुलंही बसतात, तेव्हा पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं धरू नका, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. गोड बोलून वेळ मारून नेली नाहीत, म्हणून तर त्यांचा तुमच्यावर विश्वास बसला. आणि मग तुम्ही जे बोललात ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल सरकारचं नाही, लोकांच्या मालकीचं आहे. ठेकेदार येतो, अख्खा डोंगर उक्ता घेतो, वीस-पंचवीस वर्षांची झाडं चार दिवसांत कोळशाला जातात. त्या मालकांना झाड राखून, बांबू लावून, खैर लावून चार पैसे कसे मिळतील हे सांगायला गावात कोण आहे? ते काम करणारी मुलगी आपल्या गावाला लागणार आहे. आमचा स्वतःचा वरचा डोंगर असाच तुटलेला आहे. हे ऐकल्यावर त्यांनी विरोध सोडला.

बारावी झाली, सीईटी झाली. पर्याय भरताना लेकीने पहिला वनशास्त्र आणि दुसरा कृषी, दोन्ही दापोलीचे, असे न अडखळता भरले. कोणाला विचारायची गरज तिला पडली नाही. तिने दोन्ही ठिकाणं डोळ्यांनी बघितली होती.

मॅडम, आमच्या गावासारखी कितीतरी गावं तुमच्याकडे होती. पंचनामे, पीक विमा, सर्वेक्षणं, सगळं तुम्हीच करत होतात. एका शेतकऱ्याच्या पोरीचं कॉलेज हा त्यातला कुठलाच रकाना नव्हता. तरी तुम्ही चिखलातून गाडी काढून तीनदा-चारदा आमच्या ओटीवर बसलात, दर वेळी माझ्या आधी तिला विचारलंत, आणि तिचं उत्तर पुरं होईपर्यंत थांबलात. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही.

शेजारच्या घरातला मुलगा यंदा बारावीला आहे, त्याला कृषी अभियांत्रिकीला जायचं आहे. तुमच्या कागदाची झेरॉक्स त्याच्या आईला दिली आहे. त्यात बघायच्या कॉलेजांची नावं तेवढी बदलावी लागतील, ती तुम्ही सांगा. दिवाळीनंतर ते निघणार आहेत.

आपली नम्र,
तुमच्या वनशास्त्रवालीची आई,
तालुका संगमेश्वर