त्या ‘उणे आय पाय’साठी, ताई

प्रिय ताई,

नाव छापलं तर रागवाल, म्हणून नुसतंच ताई. प्रबंध काल जमा केला. ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला दीड ओळ आली. तेवढ्यानं माझं समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र.

माझा तो आलेख आठवतो? ड्युटेरॉनवर, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीवर, प्रोटॉन आदळून हीलियम-३चं केंद्रक आणि ईटा मेसॉन हा अल्पायुषी कण. जर्मनीतल्या युलिशच्या ‘कॉसी’ या कण-त्वरकावरची मोजमापं सांगतात की थ्रेशोल्डपासून, म्हणजे ईटा जेमतेम तयार होण्याइतक्या ऊर्जेपासून, एक एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) आतच क्रॉस सेक्शन, म्हणजे ही प्रक्रिया घडण्याच्या शक्यतेचं माप, ४०० नॅनोबार्नच्या आसपास चढतो आणि तिथेच सपाट होतो. माझ्या संगणकावरच्या गणिताची रेघ मात्र चढतच राहायची, आणि ग्रिडचे, म्हणजे गणितासाठी निवडलेले, बिंदू बदलले की उत्तरही बदलायचं. तीन महिने मी कंपायलरला शिव्या घातल्या.

हा तुमचा विषयसुद्धा नव्हता. चहाचा ग्लास घेऊन बसलात आणि विचारलंत, “मधल्या पायॉनचं काय केलंस?”

५४८ एमईव्हीचा ईटा एका धडकेत काढायचा तर एकाच न्यूक्लिऑनला (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनला) फार मोठा संवेग पेलावा लागतो. म्हणून दोन टप्पे: दोन प्रोटॉनांतून ड्युटेरॉन आणि पायॉन हा हलका मेसॉन, मग पायॉन न्यूट्रॉनवर आदळून प्रोटॉन आणि ईटा. ड्युटेरॉन-प्रोटॉन जवळजवळ सारख्याच वेगानं निघतात, त्यामुळे हीलियम जुळायला सोपं. हे मला पाठ होतं. पण पायॉनच्या प्रोपगेटरमधला, म्हणजे त्याचा प्रवास मांडणाऱ्या पदातला, पोल (जिथे ते पद अनंत होतं तो बिंदू) मी चुकवत होतो, खड्डा चुकवावा तसा. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर वजाबाकी करून इंटिग्रल गुळगुळीत केलंत, आणि उरलेल्या ‘उणे आय पाय’च्या (−iπ) पदावर बोट ठेवलंत. “हे टाकू नकोस. पायॉन खरोखर तिथून उडत गेला, त्याची ही पावती.”

उत्तर स्थिर झालं. सपाटी मात्र तेव्हाही आली नाही. “बाहेर पडताना ईटा हीलियमशी काहीच बोलत नाही होय?” हा तुमचा दुसरा टोला. भालेराव आणि लिऊ यांनी १९८५ मध्येच ईटा-न्यूक्लिऑन आकर्षण दाखवलेलं, शोधनिबंध माझ्याच टेबलावर धूळ खात होता! ते आकर्षण धरून हीलियमसाठी टी-मॅट्रिक्स, म्हणजे ईटा आणि हीलियम एकमेकांवरून कसे विखुरतात त्याचं गणित, सोडवला, तेव्हा कुठे रेघ वाकली.

तुमचे ते कागद अजून माझ्याकडे आहेत. तिसऱ्या पानावर तुमचं एक चिन्ह चुकलंय. मी दुरुस्त केलेलं नाही.

तुमचा,
कंपायलरची माफी मागितलेला विद्यार्थी